ॲम्बॅसॅडरच्या गंजलेल्या मूळ रिमा : ठेवू की बदलू?

काळीमाती

नमस्कार. बाबांची १९७४ची मार्क टू ॲम्बॅसॅडर अकरा वर्षांपासून आमच्या वाड्यात, गोठ्याला लागून टाकलेल्या टिनाखाली उभी आहे. गाव दर्यापूर तालुक्यात, म्हणजे ऐन खारपाणपट्ट्यात, जिथं विहिरी-बोअरचं पाणीच खारं. इंजिनाची काळजी मिटली. मिस्त्रींनी टाकी आणि कार्ब्युरेटर साफ करून ते मागच्या महिन्यात सुरू करून दिलं. अडलंय ते चाकांपाशी.

टायर गेलेलेच होते, चारही चपटे होऊन जमिनीला चिकटलेले. पण पंक्चरवाल्या दादांनी पहिला टायर रिमवरून उतरवला तेव्हा आतून ओंजळभर गंज पडला. भुकटी नाही, भाकरीच्या पापुद्र्यासारखी सालपटं. दोन चाकांच्या टोपीखाली कुंभारीण माशीनं मातीची घरं केली होती. ती माती ओल धरून बसली आणि नटांच्या भोवतालचं लोखंड खवल्याखवल्यांचं झालं.

दादा म्हणाले, "ताई, भंगारात द्या, दुसऱ्या टाका." बाबांना ह्याच हव्यात, गाडी घेतली तेव्हाच्या आहेत. बाबा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत आणि माघात प्रकटदिनाला ह्याच गाडीतून शेगावला जायचं त्यांनी ठरवलंय. स्टेपनी धरून पाच रिमा. ह्या वाचतील का? आणि वाचवल्या तर त्यांच्या भरवशावर माणसं बसवणं बरोबर आहे का? मला दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी हवंय.

सातबारा

फोटो टाका ताई. आतल्या बाजूचे, बाहेरचे नको.

वऱ्हाडी_गडी

ताई, इतका इचार कायले करता? आमच्या घरी जुनी विलीज जीप होती, तिच्या रिमा याहून बेकार झाल्या होत्या. वायर ब्रश मारला, रेड ऑक्साईडचे दोन हात देल्ले, वरून चांदी कलर. वीस वर्सं चालली गाडी. लोखंड हाये ते, कागद नाही.

अन् ज्यायच्याकडे जीप असन त्यायनं ध्यानात ठेवा, डाव्या अंगाचे नट उलट आट्याचे राह्यतात. आमच्या एका पोरानं जोर लावू लावू स्टडच, मंजे नट बसते तो बोल्टच, तोडला होता.

लेथवाला_अकोट

भाऊ, तुमची जीप वीस वर्षं चालली ते खरं मानतो. पण गंज किती आहे आणि कुठं आहे, हे पाहिल्याशिवाय ताईंना हो म्हणता येत नाही. माझं तीस वर्षांचं काम लेथवर आहे, गाड्यांच्या रिमा सरळ करायला माझ्याकडं येतात. मी पाहतो ते सांगतो.

रिम म्हणजे दोन तुकडे. बाहेरचं कडं, ज्यावर टायर बसतो, आणि मधली तबकडी, जिला नट लागतात. बाहेरून दिसणारा गंज बहुतेक वेळा नुसता दिसायला वाईट असतो. घातक जागा चार : कडं आणि तबकडी जिथं जोडलंय ती फट, नटांच्या भोकांच्या कडा, वालचं भोक आणि कड्याच्या आतली खोल नाली. ट्यूबमधून घाम सुटावा तशी ओल त्या नालीत जमते आणि टायर असेपर्यंत कोणाला दिसत नाही.

आधी रिम दोरीनं टांगा आणि छोट्या हातोडीनं गोल फिरत हळूहळू वाजवा. निरोगी रिम टणटण वाजते, घंटेसारखी नाद धरते. जिथं आवाज बद येईल तिथं खडूनं खूण करा. मग त्या खुणेवर टोच्या दाबून पाहा. टोच्या आत गेला तर त्या रिमबद्दल पुढं काही बोलायचं उरत नाही.

वाजण्यावर पास झाली म्हणून ती पास झाली असं मात्र नाही. बारीक चीर हातोडीला कळत नाही. त्याचं पुढं सांगतो.

आणखी एक. बाकीचे टायर उतरवायच्या आधी प्रत्येक ट्यूबच्या वालची पिन काढून घ्या, चपटा दिसत असला तरी. थोडी हवा अडकलेली राहते.

काळीमाती

@सातबारा, फोटो टाकले आहेत. तिसरा आणि चौथा आतल्या बाजूचा.

@लेथवाला_अकोट दादा, संध्याकाळी जांभळाच्या फांदीला टांगून पाचही वाजवल्या. दोन छान वाजल्या, दोन मध्यम. पाचवी एका जागी अगदी मडक्यासारखी बद. तिथं टोच्या लावला आणि तो सरळ आत गेला. बाबा खुर्ची टाकून बाजूलाच बसले होते. काही बोलले नाहीत, खडू मागून घेतला आणि तिच्यावर "बाद" लिहिलं.

संत्राबाग

अलॉय व्हील टाका ना. दिसतात पण छान आणि गंजायची कटकट नाही.

निवृत्त_धातुशिक्षक

अलॉयही सडतं, फक्त तांबडं होत नाही. ॲल्युमिनियमवर पांढरी भुकटी धरते आणि खारट पाण्यात त्यालाही खड्डे पडतात. शिवाय जुन्या हबवर, म्हणजे गाडीकडच्या ज्या बैठकीवर चाक आवळतात तिच्यावर, कुठलंही चाक बसवताना भोकांचं अंतर, मधलं छिद्र आणि चाक आत-बाहेर किती सरकतं हे सगळं जुळावं लागतं. ताईंचा प्रश्न मूळ रिमांचा आहे, त्यावरच राहू.

ताई, तुमच्या फोटोतला गंज साधा पावसाळी गंज नाही. खड्डे पाहा, सुईनं टोचल्यासारखे, लहान पण खोल. हे क्लोराईडचं, म्हणजे मिठातल्या क्षाराचं काम. अकोला, अमरावती, बुलढाणा ह्या तीन जिल्ह्यांत पूर्णेच्या खोऱ्यात जमिनीतलं पाणीच खारं आहे, हे तुम्हाला सांगायला नको. त्या पाण्यानं गाडी धुतली की पाणी वाळतं, मीठ फटीत राहतं आणि पुढच्या दमट दिवशी पुन्हा ओल ओढून घेतं. तुमच्या गाडीनं खतही वाहिलं असेल, असा माझा अंदाज आहे. पोटॅश, म्हणजे आपण म्युरेट ऑफ पोटॅश म्हणतो ते, पोटॅशियम क्लोराईडच असतं. त्यात गोठ्याची वाफ. काळी माती एकदा फटीत भरली की दिवाळीपर्यंत ओली राहते.

गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी पट जास्त जागा घेतो. त्यामुळं कडं आणि तबकडीच्या फटीत तो वाढला की फट पाचर मारल्यासारखी उघडत जाते.

वरून ब्रश मारून रंग दिला तर क्लोराईड खाली जिवंतच राहतं. वर्षभरात रंगाला फोड येतात. @वऱ्हाडी_गडी, तुमची जीप खारपाणपट्ट्याबाहेरची होती का?

वऱ्हाडी_गडी

हो सर, आमचं गाव यवतमाळकडं. पाणी गोड हाये आमचं. हे ध्यानात नव्हतं आलं.

काळीमाती

सर, तुमचा अंदाज खरा आहे. दर मृगाला डिक्कीत आणि मागच्या सीटवर खताची पोती यायची. धुणं बोअरच्याच पाण्यानं. बाबा दर रविवारी धुवायचे, मनापासून.

मेळघाटी

आमच्या भागात हिरडा भरपूर. हिरड्याचं पाणी उकळून लोखंडाला लावलं की गंज काळा पडतो आणि धरून राहतो. जुने लोक अवजारांना लावायचे. चालेल का?

निवृत्त_धातुशिक्षक

तत्त्व बरोबर आहे. हिरड्यातलं टॅनिन गंजाशी संयोग पावून काळा, न विरघळणारा थर करतं. हिरडा आणि लोखंडाची शाई ह्याच रसायनावर चालायची. हलक्या गंजावर, कुऱ्हाडीवर, खिडकीच्या गजावर उत्तम. पण खोल खड्ड्याच्या तळाशी ते पोचत नाही आणि गेलेलं लोखंड परत आणत नाही.

वर्धेची_लेक

मी प्रयोगशाळेत काम करते आणि घरी जुन्या शिलाई मशीनचे भाग विजेनं साफ करते. ताई, तुमच्या चार रिमांना तीच पद्धत सुचवेन. वाळूच्या माऱ्यानं पातळ झालेला पत्रा आणखी मार खातो. विजेच्या पद्धतीत फक्त गंज निघतो, चांगलं लोखंड जसंच्या तसं राहतं.

दोनशे लिटरचा प्लास्टिकचा ड्रम घ्या. पंधरा इंची रिम त्यात उभी टांगली तरी चारही बाजूंनी जागा राहते. रिम बुडेल इतकं पाणी, साधारण एकशेवीस लिटर. त्यात सव्वा किलो धुण्याचा सोडा. खायचा सोडा नाही, मीठ तर अजिबात नाही. मिठानं क्लोरीन वायू सुटतो आणि ज्या क्लोराईडला हाकलायचं तेच आपण आत घालतो. म्हणूनच बोअरचं पाणीही चालणार नाही. पावसाचं साठवलेलं असेल तर ते, नाहीतर आरओचे कॅन.

ड्रमच्या आतून कडेनं साध्या बांधकामाच्या सळईचे पाच-सहा तुकडे उभे करा आणि सगळे एका तारेनं जोडा. ती तार चार्जरच्या धन टोकाला, रिम ऋण टोकाला. हे उलटं झालं तर रिमच विरघळायला लागेल, म्हणून चालू करण्याआधी दोनदा पाहा. ट्रॅक्टरच्या बॅटरीचा जुना ट्रान्सफॉर्मरवाला बारा व्होल्टचा चार्जर चांगला. रिम आणि सळई एकमेकांना टेकू देऊ नका. स्टेनलेस स्टीलचा तुकडा सळईच्या जागी कधीही वापरू नका, त्यातून क्रोमियमचं विषारी संयुग पाण्यात उतरतं. आणि हे सगळं उघड्यावर करा, हायड्रोजन सुटतो. जवळ विडी-काडी नको. चार्जर बंद केल्याशिवाय पाण्यात हात घालायचा नाही.

एक दिवस-रात्र ठेवून पाहा. रिम बाहेर येईल ती काळी, मऊ चिखल लागल्यासारखी. गोड्या पाण्यात घासून लगेच उन्हात पूर्ण वाळवा. नट आणि स्टड ह्यात टाकू नका. कठीण पोलादात हायड्रोजन शिरून ते ठिसूळ होतं. ते नवेच घ्या.

सातबारा

आणि संडास धुवायचं ॲसिड कोणी सुचवलं तर ऐकू नका. माझ्या काकांच्या फियाटच्या रिमा त्यात बुडवल्या होत्या. दोन दिवस चकाचक, मग जोडाच्या फटीतून तांबडे ओघळ. आतलं ॲसिड निघालंच नव्हतं.

काळीमाती

तीन आठवड्यांनी लिहिते आहे. ड्रम अंगणात मांडला. आरओच्या सहा कॅनवर भागलं, तेच पाणी चारही रिमांना वापरलं. पहिल्या रात्री झोप आली नाही, दोनदा उठून पाहून आले. पाण्यावर तांबूस फेसाची साय धरली होती आणि कान लावला की बारीक चुरचुर ऐकू यायची, कढईत जिरं पडल्यासारखी.

सकाळी रिम वर काढली. पाईपनं पाणी मारलं तसा काळा गाळ ओघळून गेला आणि आत तबकडीच्या मागं, ब्रेककडच्या बाजूला, जुन्या रंगाचा तळहाताएवढा तुकडा दिसला. फिकट राखाडी. बाबांनी बोट लावून पाहिलं आणि म्हणाले, "हा. हाच होता." आतापर्यंत आम्ही वर चढवलेल्या चांदी रंगालाच मूळ समजत होतो.

चारही आता स्वच्छ आहेत. दिसायला सगळ्यात देखणी मागच्या डाव्या चाकाची निघाली, जवळजवळ खड्डे नाहीत. लेथवाले दादा, पुढचं सांगणार होतात.

लेथवाला_अकोट

आता चिरा शोधायच्या. अकोल्याच्या किंवा अमरावतीच्या एमआयडीसीत वेल्डिंगचं सामान मिळतं तिथं डाय पेनिट्रंटचा संच मागा. तीन डबे येतात : क्लीनर, लाल रंग, पांढरा डेव्हलपर. रिम पुसून कोरडी करा, नटांच्या भोकांभोवती आणि जोडावर लाल मारा, डब्यावर लिहिलेला वेळ थांबा. मग कपड्याला क्लीनर लावून लाल पुसून काढा. क्लीनर थेट रिमवर मारायचा नाही, चिरेतलाही रंग धुऊन जाईल. शेवटी पांढऱ्याचा हलका फवारा. चीर असली तर पांढऱ्यावर लाल रेघ उमटते. घाई करू नका, काही रेघा सावकाश वर येतात.

मग जोडावर आणि नालीत जाडी मोजा. त्याच रिमचा जिथं गंज कधी लागलाच नाही असा भाग पकडून तुलना करा. शेवटी हबवर बसवून, गाडी घोडीवर ठेवून चाक फिरवा आणि कडेला एक तार स्थिर धरा. तारेपासूनचं अंतर दीड मिलिमीटरहून जास्त मागं-पुढं होत असेल तर मी ती रिम सरळ केल्याशिवाय देत नाही.

काळीमाती

तुम्ही सांगितलं तसंच केलं. पहिल्या तीन रिमांवर पांढरा नुसता पांढराच राहिला.

चौथी होती मागच्या डाव्या चाकाची, ती देखणी. पांढरा मारला, काही नाही. मी उठून चहा ठेवायला गेले. परत आले तर दोन भोकांच्या मधोमध केसाएवढी लाल रेघ उमटली होती, साधारण करंगळीच्या पेराएवढी, एका भोकाच्या कडेपासून निघून दुसऱ्याकडं वळलेली. मी पुसून पुन्हा पूर्ण प्रक्रिया केली. त्याच जागी तीच रेघ.

हिला वेल्डिंग मारता येईल का? ही रिम बाबांना फार प्रिय आहे.

लेथवाला_अकोट

नाही ताई. मी वेल्डिंगवर पोट भरतो, तरी ह्याला नाही म्हणतो. नटाच्या भोकापाशी चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला ताण येतो आणि सुटतो. वेल्डच्या शेजारचं लोखंड तापून बदलतं, पुढची चीर तिथूनच निघते. पुट्टी, लांबी, एमसील असल्या गोष्टी तर चाकाजवळ आणायच्याच नाहीत.

मागचं डावंच का, हेही सांगतो. आपले गावरस्ते एका गाडीचे. समोरून एसटी आली की डावी चाकं डांबराच्या पट्टीखाली उतरतात, मग पुन्हा चढतात. मागं खताची पोती. इतक्या वर्षांत असे किती धक्के ह्या एकाच कोपऱ्यानं घेतले असतील.

निवृत्त_धातुशिक्षक

ह्याच्याशी पूर्ण सहमत. ताई, तुमचा पहिल्या दिवसाचा दुसरा प्रश्न होता ना, त्याचं उत्तर ह्या रेघेनं दिलंय. तीन रिमा खात्रीनं वापरा. दोन नाही.

संत्राबाग

गाडी पन्नास वर्षांची झाली म्हणजे विंटेज नोंदणी करता येईल ना? रिमा बदलल्या तर अडचण?

सातबारा

२०२१च्या केंद्राच्या नियमांत पन्नास वर्षांवरच्या खासगी गाड्यांना ती नोंदणी मिळते. अट सांगाडा, बॉडी आणि इंजिन मूळ असण्याची आहे. पण ती घेतली की गाडी रोजच्या वापराला रस्त्यावर काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती एवढंच. काकांना गाडी फिरवायची असेल तर नेहमीची नोंदणी, दर पाच वर्षांनी नूतनीकरण, हेच बरं.

काळीमाती

कागद बाबांनी वेळच्या वेळी नूतन केलेले आहेत, नेहमीचीच नोंदणी ठेवतोय.

दोन रिमा शोधते आहे. बाजारात उभं राहून मोजायचं काय काय?

लेथवाला_अकोट

पाच भोकांच्या रिमला समोरासमोर भोकं नसतात, म्हणून लोक टेप लावून चुकतात. शेजारच्या दोन भोकांच्या मध्यापासून मध्यापर्यंत मोजा आणि १.७०१ नं गुणा. भोकांच्या वर्तुळाचा व्यास मिळतो. तुमच्या चांगल्या रिमचा काढून वहीत लिहा आणि तोच जुळवा. मधलं छिद्र, नट बसतात तो तिरका खड्डा आणि टोपीच्या पकडी तशाच हव्यात. ॲम्बॅसॅडर उत्तरपाऱ्याला २०१४ पर्यंत बनत होती, त्यामुळं भंगारात चांगल्या रिमा अजून निघतात. पण तिथली रिमही हातोडी आणि लाल रंगाच्या परीक्षेतून गेलीच पाहिजे.

रंगाबद्दल : इपॉक्सी प्रायमर, त्यावर पीयू, म्हणजे पॉलियुरेथेन रंग. पावडर कोटिंगही टिकाऊ, पण थर जाड बसतो. नट जिथं टेकतो आणि तबकडी जिथं हबला चिकटते, त्या दोन्ही जागा टेप लावून कोऱ्या ठेवा. तिथं रंग राहिला तर तो दबून बारीक होतो आणि आवळलेला नट ढिला पडतो. फटीत प्रायमर ब्रशनं भरा, फवारा तिथं पोचत नाही.

टायर ५.९०-१५ ट्यूबवालेच. जुन्या कड्याला ट्यूबलेसचा उंचवटा नसतो, हवा कमी झाली की टायर नालीत घसरतो. ट्यूबला शंखजिरं लावा आणि नालीवर रबराची पट्टी गुंडाळा, म्हणजे उरलेसुरले खड्डे ट्यूबला घासणार नाहीत. नट पहिल्या पन्नास किलोमीटरनंतर पुन्हा तपासायचे. शेगावला जाताना अकोटवरूनच जाल, दुकानावर थांबा, मी पाहतो.

चिरलेली रिम भंगारात देण्याआधी कापा. नाहीतर कोणीतरी रंगवून दुसऱ्याच्या गळ्यात मारेल.

वऱ्हाडी_गडी

ताई, आमच्या जीपच्या दोन रिमा अजून कोठ्यात पडून हायेत. या रविवारी टांगून वाजवून पाह्यतो. पोरगा चालवायची म्हणून राह्यला होता.

काळीमाती

प्रकटदिन झाला, आज सविस्तर लिहायला बसले.

नागपूरच्या भंगारातून चार रिमा पाहून दोन घेतल्या. त्यातलीही एक वाजवताना बद निघाली, ती परत करून तिसरी आणली. पाचही फिकट राखाडी रंगवल्या. मूळ तीन रिमांपैकी दोन पुढं लावल्या, तिसरी मागं उजवीकडं. मागं डावीकडं नवी, दुसरी नवी स्टेपनीला. दोन्ही नव्या जिथं आहेत तिथं आतून बारीक खूण केली आहे, पुढं कोणाचा गोंधळ नको.

चिरलेली रिम कापायची होती. बाबांनी ग्राइंडर मला चालवू दिला नाही. गॉगल लावून स्वतः बसले आणि त्या रेघेतूनच आरपार कापली. दोन्ही तुकडे आणि ती "बाद" लिहिलेली रिम, सगळं भंगारवाल्याच्या तराजूत त्यांनी स्वतःच्या हातानं ठेवलं.

पहाटे निघालो. बाबा पुढं माझ्या शेजारी, आई मागं. एसटी आली की मी पट्टीखाली न उतरता आधीच थांबून घेत होते आणि बाबा दर वेळी मान हलवत होते. आदल्या दोन दिवसांत शेतरस्त्यानं चालवून पन्नास किलोमीटर पुरे केले होते आणि नट मीच आवळले होते. तरी अकोटला दादांच्या दुकानावर थांबलो. त्यांनी टोप्या काढून वीसच्या वीस नट पाहिले. एकोणीस जिथल्या तिथं होते. मागच्या उजव्या चाकाचा एक पाव आट्यानं फिरला. टोपी बसवताना दादांनी बाबांना तो नट दाखवला आणि म्हणाले, "आबा, परतीला पुन्हा थांबा." संध्याकाळी थांबलो तेव्हा तो हलला नव्हता.

आता गाडी धुण्यासाठी टिनाच्या पन्हाळीखाली टाकी बसवतोय, पावसाचं पाणी धरायला. पाचशे लिटरची पुरेल की मोठी घ्यावी, कोणी बसवली असेल तर सांगा.